टर्बो विकला, टप उघडला

एप्रिल संपत आला की अमेरिकेतल्या शार्लटमध्ये संध्याकाळच्या हवेला एक गोड वास येतो. रस्त्याकडेच्या झुडपांवर हनीसकलची वेल पसरलेली असते. फुलं आधी पांढरी, मग पिवळी पडत जाणारी, आणि वास थेट साताऱ्याच्या आमच्या अंगणातल्या जाईच्या जवळचा. मी या शहरात २०१२ साली आलो. हा वास मला कळला २०२१ साली. मधली नऊ वर्षं मी त्याच रस्त्यांनी रोज जात-येत होतो, फक्त काचा वर करून.

२०२१ च्या वसंतात मी माझी सुबारू डब्ल्यूआरएक्स विकली आणि दोन सीटची, कापडी टपाची, २०१९ ची वापरलेली माझदा एमएक्स-५ घेतली. इथे सगळे तिला मियाटा म्हणतात. फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दोनच माणसं? अरे, मग आम्ही आलो की कुठे बसायचं?" बाबांनी मागून विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

दोघांचेही प्रश्न रास्त होते. आपल्याकडे गाडी घेताना घरातलं प्रत्येक माणूस मोजून घेतात, आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्यांची जागा धरतात. आमच्याकडे दुसरी मोठी गाडी आहे म्हणूनच मला हे जमलं. ती नसती तर मी हा विचारही केला नसता.

आधी सुबारूबद्दल, कारण तिच्यावर माझं खरं प्रेम होतं. १९९५ साली कॉलिन मॅक्रे निळ्या सुबारू इम्प्रेझातून जागतिक रॅलीचा विजेता झाला तेव्हा मी शाळेत होतो. केबलवर त्या शर्यतींचे तुकडे दाखवायचे. निळी गाडी, पिवळी अक्षरं, चिखल उडवत आडवी होऊन वळणातून निघणारी. साताऱ्याच्या पोराला चिखल आणि घाट दोन्ही ओळखीचे, त्यामुळे ते चित्र मनात घट्ट बसलं. वीस वर्षांनी, २०१५ साली, त्याच घराण्यातली गाडी माझ्या दारात उभी राहिली. दोन लिटरचं आडवं बॉक्सर इंजिन, टर्बो, चारही चाकांना ताकद, २६८ अश्वशक्ती. बॉनेटवर ती हवा ओढणारी खिडकी. पहिले सहा महिने मी रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जायचो तेव्हाही तिच्याभोवती एक चक्कर मारून यायचो.

टर्बोची मजा वेगळीच असते. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक छोटं चक्र फिरतं, ते दुसऱ्या चक्राला फिरवतं आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. पण चक्राला गती घ्यायला क्षणभर लागतो. तुम्ही पाय दाबता, काही होत नाही, आणि मग एकदम कुणीतरी पाठीत हात घालून ढकलल्यासारखी गाडी सुटते. हायवेला शिरताना हे फार छान वाटतं. शिरून झालं की मग वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते आणि पुढचे चाळीस मिनिटं त्या गाडीला करण्यासारखं काही उरत नाही.

डोंगरात नेली तर करण्यासारखं खूप होतं, आणि तिथेच घोळ होता. ती गाडी इतकी समर्थ होती की तिला वेग जाणवायचाच नाही. काटा ६० वर गेला तरी आत बसल्यावर ४० वाटायचं. टायर पकडून असायचे, चारही चाकं ओढत असायची, काचेबाहेरचं जंगल हिरव्या पट्ट्यासारखं सरकायचं. ती खरी मजा द्यायला लागायची ती अशा वेगाला, जो त्या रस्त्यावर कुणीही गाठू नये. एकदा ४५ च्या रस्त्यावर मला ६२ ला पकडलं. दंड भरला, त्याचं काही वाटलं नाही. पण मागच्या सीटवर माझी लेक पांढरीफटक होऊन बसली होती आणि थोड्या वेळाने तिला उलटी झाली. तिने तीनदा "बाबा, सावकाश" म्हटलं होतं. मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. त्या दिवसानंतर ती गाडी माझ्यासाठी पूर्वीसारखी राहिली नाही.

मियाटा चालवून बघायला गेलो ते एका सहकाऱ्याच्या आग्रहाने. मनात शंका होती. टर्बो नाही, चार चाकांची ताकद नाही, १८१ अश्वशक्ती. पण वजन जेमतेम १०६० किलो. सुबारू दीड टनाची. घरी येऊन मी भागाकार केला: सुबारूला टनामागे साधारण १७९ घोडे, मियाटाला १७१. म्हणजे दोघींत जवळपास काही फरक नाही! एकीने ताकद वाढवून ते गाठलं, दुसरीने वजन उतरवून. आणि वजन उतरवल्याचा फायदा नुसता पळण्यात नसतो. थांबण्यात असतो, वळण्यात असतो, टायर आणि ब्रेक कमी झिजण्यात असतो, पेट्रोलमध्ये असतो. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर: सुबारू हायवेवर गॅलनला २८ मैल, तेही महागडं पेट्रोल पिऊन. मियाटा ३४.

हे वजन त्यांनी कसं उतरवलं ते गाडी हाताळताना कळत जातं. बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं. चाकाला पाचऐवजी चारच नट, कारण इतक्या हलक्या गाडीला चार पुरतात. स्टेपनी नाही, पंक्चर बुजवायचं सामान फक्त. समोर डॅशबोर्डमध्ये खण नाही. कागदपत्रं दोन सीटच्या मधे मागच्या बाजूला एका छोट्या कप्प्यात. टप उघडायला मोटर नाही. वरची एक खिटी सोडायची आणि बसल्या जागेवरून हाताने मागे ढकलायचा, सिग्नल हिरवा व्हायच्या आत होतं.

या गाडीचा जन्मही मला आवडतो. १९७९ साली बॉब हॉल नावाच्या एका अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं की इंग्रज लोक बनवायचे तशी साधी, स्वस्त, उघड्या टपाची छोटी गाडी आता कुणी बनवत नाही, तुम्ही बनवा. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. इंग्रज गाड्यांचा बाज, पण रोज सकाळी चालू होणारी. २०१६ साली दहा लाखावी गाडी हिरोशिमातून बाहेर पडली. जपानी लोक या गाडीसाठी 'जिन्बा इत्ताई' हा शब्द वापरतात, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. आपल्याकडे घोड्यावर मांड ठोकण्याला जो अर्थ आहे, त्याच्या जवळचं हे.

आपल्याकडेही असा एक प्रयत्न झाला होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या बॉडीची दोन सीटची गाडी निघाली होती. पुण्यात शिकत असताना फर्ग्युसन रस्त्यावर मी एक लाल बघितली होती आणि ती वळून दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो होतो. फारच थोड्या विकल्या गेल्या. तेव्हाच्या रस्त्यांवर आणि तेव्हाच्या घरांत दोन सीटला जागा नव्हती, हे मी समजू शकतो. तरी वाईट वाटतं.

पहिल्या आठवड्यात मला जे जाणवलं त्याचा वेगाशी काही संबंध नव्हता. अमेरिकेत माझ्यासारख्या माणसाचं आयुष्य काचेमागे जातं. घरातून दार न उघडता गॅरेजात, गॅरेजातून गाडीत, गाडीतून ऑफिसच्या पार्किंगमध्ये. बाहेर ३५ डिग्री असो की शून्य, आत कायम २२. साताऱ्यात असं कधीच नव्हतं; धूळ, धूर, भज्यांचा वास, पहिल्या पावसाची माती, सगळं सतत अंगावर असायचं. इथे आलो आणि हवाच बंद झाली. त्यामुळे जी उणीव वाटायची, तिला मी आठवण समजत होतो, घरची ओढ समजत होतो. त्यात थोडा भाग नुसत्या बंद काचांचा होता.

टप उघडल्यावर या गावाला वास आले. ताजं कापलेलं गवत. पाइनची झाडं उन्हात तापली की सुटणारा राळेचा वास. शनिवारी दुपारी बार्बेक्यूच्या दुकानांमागून येणारा हिकरीच्या लाकडाचा धूर. आणि हो, तापलेल्या डांबरावर पाऊस पडला की येणारा तो वास इथेही येतो. आपल्या मातीइतका नाही, पण येतो. माणसंही बोलायला लागली. सिग्नलला शेजारच्या पिकअपमधला म्हातारा वरून वाकून विचारतो, "कितीची?" समोरून दुसरी मियाटा आली की चालवणारा हात वर करतो. या प्रांतात लोकांना गाड्यांचं वेड मुरलेलं आहे. इथल्याच डोंगरांतून चोरटी दारू वाहून नेणाऱ्या पोरांनी पोलिसांना चुकवायला गाड्या सुधारल्या आणि त्यातले काही पुढे नॅसकारच्या शर्यतींत उतरले. तरी नऊ वर्षांत मला या लोकांपैकी कुणी गाडीवरून हाक मारली नव्हती.

त्रास आहेत, ते लपवत नाही. हायवेवर आवाज फार. अठरा चाकांचा ट्रक शेजारून गेला की त्याचं चाक डोक्याच्या उंचीला दिसतं, आणि ट्रकवाल्याला आपण दिसतोय असं कधीही गृहीत धरायचं नाही, हा नियम मी पहिल्या दिवशीच स्वतःला घालून घेतला. डिकी १३० लिटरची: तांदळाची एक पिशवी, भाजी, आणि संपलं. विमानतळावर कुणाला आणायला जाण्याच्या कामाची नाही.

पण दोन सीटमुळे एक गोष्ट घडली, जी मला अपेक्षित नव्हती. आम्ही तिघं एकत्र जाऊ शकत नाही, म्हणून प्रत्येक वेळी कुणीतरी एकच जण बरोबर येतो. लेक आता मोठी झाली आहे, पुढे बसते. मागच्या सीटवर ती फोनमध्ये असायची. इथे वाऱ्यात फोन धरवत नाही, शेजारी मी, समोर रस्ता. ती बोलते. तिला डोंगरात आता उलटीही होत नाही, कारण वळण तिला माझ्याइतकंच आधी दिसतं. आणि "सावकाश" म्हणायची वेळ येत नाही. ही गाडी चाळिसात साठचा आनंद देते. वळणात ती अंग थोडं झुकवते, पुढच्या चाकाखालची खडी हाताला कळते, तिसरा गिअर टाकायचा की दुसरा हा खरा प्रश्न असतो. सगळं कायद्याच्या आत.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आई-बाबा आले होते. ब्लू रिज पार्कवे या डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यावर पानांचे रंग ऐन भरात होते. (ही हेलेन वादळाच्या आधीची गोष्ट. २०२४ च्या सप्टेंबरात त्या वादळाने पार्कवेवर दरडी आणल्या, रस्त्याचे तुकडे वाहून नेले.) पार्कवे ४६९ मैलांचा आहे, त्यावर ट्रक येऊ देत नाहीत आणि वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ४५. आई आणि बाकीचे मोठ्या गाडीत, बाबा माझ्या शेजारी. बहात्तर वर्षांचे, गुडघे दुखरे. आधी सीटवर टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा, असं करून बसले. स्वेटर, माकडटोपी. मी टप उघडला आणि पायांवर हीटर सोडला.

बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्य घाटांतल्या रस्त्यांवर गेलं. त्यांनी झाडांच्या रंगांकडे थोडा वेळ बघितलं आणि मग रस्ता वाचायला लागले. गटारं कशी काढलीत, दगडी कठडे कसे बांधलेत, वळणाच्या बाहेरची कड किती उचललीय. इतक्या खाली बसलेलो असल्याने ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ग्रँडफादर माउंटनला वळसा घालणारा लिन कोव्ह व्हायाडक्ट आला तेव्हा मी गाडी बाजूला घेतली. डोंगराचा उतार फोडायचा नाही म्हणून तिथे ३७९ मीटरचा पूल डोंगराच्या अंगाअंगाने नेलाय. १५३ तुकडे, आधी बसवलेल्या तुकड्यांवर उभं राहून पुढचा जोडत गेले. १९८७ साली हा भाग खुला झाला तेव्हा १९३५ ला सुरू झालेला सगळा पार्कवे पुरा झाला. बाबा दहा मिनिटं नुसते बघत राहिले. "डोंगराला हात न लावता," ते म्हणाले. "आम्हाला सुरुंगाशिवाय काही माहीतच नव्हतं."

परत निघालो तर लांबलचक उतार लागला. बाबांना काहीतरी आठवलं असावं. माझ्या लहानपणी कासहून येताना यवतेश्वरच्या उतारावर ते चेतक बंद करून सोडायचे. पेट्रोल वाचावं म्हणून. मी पुढे उभा, हँडलच्या मधे धरून, आणि इंजिनचा आवाज गेला की फक्त वारा आणि टायर.

"बंद करता येतं का रे हिचं इंजिन, उतारावर?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"नाही बाबा, स्टिअरिंग जड होईल, ब्रेकही जड होईल."

मग मी चौथ्यात टाकली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढून घेतला. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना असं केलं की इंजिनात पेट्रोल जाणं आपोआप थांबतं. चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. ते मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे आत्ता?"

"आत्ता शून्य जातंय."

त्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली.