कुठल्या खात्यात होता?

जुलैतला मंगळवार. बेळगावात सकाळपासून संततधार, ओपीडीत ओल्या छत्र्यांचा वास. जांबोटीकडच्या एका खेड्यातून आलेल्या मुलानं वडिलांना खुर्चीवर बसवलं आणि फाईल माझ्यापुढं ठेवली. "मॅडम, टीबीचा कोर्स पुरा केला. तरी छातीत पाणी परत भरूलालंय."

फाईल उघडली तर पहिल्या पानावर अक्षर माझंच. आठ महिन्यांपूर्वी मीच त्यांना तपासलं होतं. वय ७१, उजव्या छातीत पाणी, विडी वीस वर्षांपूर्वी सोडलेली. व्यवसाय : शेती. पाण्याच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या नव्हत्या, एडीए, म्हणजे टीबीत वाढणारं एक एन्झाइम, थोडं वाढलेलं होतं. आपल्याकडं छातीत पाणी म्हटलं की आधी टीबीच आठवतो, आणि बहुतेक वेळा तो असतोही. मी सहा महिन्यांची औषधं सुरू केली होती.

नवा एक्स-रे लाईटबॉक्सवर लावला. उजवी बाजू जवळजवळ पूर्ण पांढरी. एवढं पाणी साठलं की हृदय आणि श्वासनलिका दुसऱ्या बाजूला ढकलली जातात. इथं तसं काहीच झालं नव्हतं. उलट उजव्या बरगड्याच जवळ आल्यासारख्या दिसत होत्या, आतून कुणीतरी छाती आवळून धरावी तशा. आणि डाव्या बाजूला, जिथं काही दुखत नव्हतं तिथं, डायफ्रॅमच्या, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याच्या, कडेनं चुन्याची एक बारीक पांढरी रेघ. ती रेघ आठ महिन्यांपूर्वीच्या एक्स-रेतही होती. मी पाहिली होती आणि सोडून दिली होती.

पाणी काढायला घेतलं. आजोबा टेबलावर उशी ठेवून पुढं वाकून बसले, पाठ माझ्याकडं. भूल दिलेली असली तरी सुई आत जाताना एरवी लागत नाही तेवढा जोर लागला. फुफ्फुसाभोवतीचं आवरणच जाड झालेलं. बाटलीत उतरलं ते पिवळसर नव्हतं, कोऱ्या चहासारखं लालसर तांबूस होतं. एका वेळी दीड लिटरच्या वर काढत नाही, आणि तेही हळूहळू. त्यामुळं अर्धा तास तरी बसावं लागतं. तेवढा वेळ माणसाला बोलतं ठेवायचं म्हणून मी विचारलं, "आजोबा, तरुणपणापासून शेतीच का?"

मुलगाच बोलला, "शेतीच की, दुसरं काय."

आजोबा पलीकडच्या भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "तू जल्मायच्या आधी मी मुंबैत गिरणीत हुतो."

माझे मामा लालबागला साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, म्हणून पुढचा प्रश्न आपसूक आला. "कुठल्या खात्यात?"

खरं तर 'गिरणी' म्हटल्यावर मीसुद्धा कापसाच्या तुसाचाच विचार करत होते. त्या तुसानं दम्यासारखा आजार होतो, पण छातीत असं पाणी होत नाही. तेवढ्यात ते म्हणाले, "साच्यावर न्हाई. बॉयलरला."

मग ते पाठमोरेच, दोन वाक्यांमागं थांबत बोलत राहिले. १९७२ साली, अठराव्या वर्षी, गाववाल्याच्या ओळखीनं लागले. वाफेच्या पायपांना लॅगिंग, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून लेप, करायचं काम. पोत्यातली पांढरी पावडर पिंपात टाकायची, पाणी ओतायचं, हातानं कालवायची आणि शेणानं सारवल्यागत पायपावर थापायची. सांध्यांना पांढरी दोरी गुंडाळायची. "जुनं लॅगिंग हातोडीनं फोडताना सगळं खातं धुरकट व्हायचं. नाकाला पंचा बांधायचो. पावडर मातूर लई मऊ, बाई. कापसावानी. दुपारी रिकाम्या पोत्यांवरच आडवं व्हायचो. एक पोतं खोलीवर न्हेलं हुतं, अंथरायला."

मी नळी बंद केली. दीड लिटर झालं होतं.

ती पावडर म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. हा दगडातूनच निघतो, पण दळला की त्याचे धागे सुटतात, आणि धागा उभा चिरत चिरत डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक होतो. तो आगीत जळत नाही म्हणूनच बॉयलरला वापरायचे. श्वासाबरोबर गेलेला असा धागा फुफ्फुसाच्या पार टोकाला आणि तिथून बाहेरच्या आवरणापर्यंत पोचतो. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळू पाहतात, पण तो त्यांच्याहून लांब असतो, पचत नाही. त्या मरतात, धागा राहतो, तिथला दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो. वीस, तीस, कधी चाळीस-पन्नास वर्षांनी त्या आवरणाच्या पेशींत कॅन्सर उठतो. त्याचं नाव मेसोथेलिओमा. डाव्या बाजूची ती चुन्याची रेघही अशाच धाग्यांची खूण. विडी-सिगारेटनं हा होत नाही. (अ‍ॅस्बेस्टॉस आणि विडी दोन्ही असतील तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र कितीतरी पटीनं वाढतो.) १९६० साली डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे ३३ रुग्ण, बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखातले, जगापुढं मांडले, तेव्हा त्यांतले कितीतरी जण खाणीत कधी उतरलेही नव्हते, नुसते त्या भागात राहिले होते. आजोबा मुंबईला गेले ते त्यानंतर बारा वर्षांनी. पिंपात हात घालणाऱ्या पोराला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

सीटी स्कॅनमध्ये आवरण गाठीगाठींनी जाड झालेलं दिसलं. दोन बरगड्यांमधून दुर्बीण घातली तेव्हा भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे आतून सगळीकडं चिकटलेले होते. त्यांचे तुकडे घेतले. नुसत्या पाण्यात हा आजार बऱ्याचदा सापडत नाही, तुकडाच लागतो. दहा दिवसांनी रिपोर्ट आला : कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह, डब्ल्यूटी-वन पॉझिटिव्ह. दोन्ही या आवरणाच्या पेशींच्या खुणा. मेसोथेलिओमा.

मुलाला मी खरं तेच सांगितलं. हा बरा होणारा आजार नाही. केमोनं किंवा इम्युनोथेरपीनं काही महिने वाढवता येतात, पाणी पुन्हा साठू नये म्हणून आत औषध सोडून आवरणं चिकटवता येतात, धाप आणि दुखणं कमी करता येतं. बहुतेक रुग्णांच्या हाती वर्षभराचा काळ असतो, काहींच्या थोडा जास्त. आठ महिने मी चुकीच्या निदानात घालवले हेही सांगितलं. तो काही बोलला नाही. आज्जी मात्र कोपऱ्यातून म्हणाल्या, "म्हंजे टीबी न्हवता?"

नव्हता.

"मग म्या त्यांचं ताट येगळं ठिवलंय की वो. आठ म्हैने झालं. नातवाला जवळ जाऊ दिलं न्हाई." त्या रडायला लागल्या. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे मला त्यांना तीनदा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज केला होता, म्हणून वडिलांनी सगळे कागद जपले होते : ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, नोकरीचा दाखला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो मिटण्याची वाट पाहून ते गावी परतले. दाखल्यावर 'बॉयलर' एवढाच शब्द आहे, लॅगिंगचा उल्लेख कुठंच नाही. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉसमुळं होणारा मेसोथेलिओमा आहे. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवा. पण ही गिरणी त्याआधीच बंद पडली होती. काम मुंबईत झालं, आजार कर्नाटकात निघाला. तरी मी 'आजार कामामुळं झालेला आहे' असं स्पष्ट लिहून, कामाचं वर्णन त्यांच्याच शब्दांत घालून सर्टिफिकेट दिलं.

बोलता बोलता मुलानं विचारलं, "मॅडम, आमच्या गोठ्यावर सिमेंटचा पत्रा हाय. त्यात बी हेच असतंय का?" असतंय. ६० हून अधिक देशांत बंदी आहे, आपल्याकडं खाणकाम थांबलं, पण पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस बाहेरून येतो आणि त्याचे पत्रे बनतात. शाबूत पत्र्याखाली बसल्यानं घाबरण्याचं कारण नाही. कापला, भोक पाडलं, फोडला, घासला की धूळ होते. यंदाच्या मार्चमध्ये यानंच ग्राइंडरनं पत्रे कापले होते, पोरगं शेजारी उभं होतं. एवढ्यानं लगेच काही होत नाही, पण पुन्हा करू नको, जुना पत्रा उतरवायचाच तर आधी ओला कर, अख्खा उतरव, तुकडे करू नको, असं बजावलं. आजोबा खाटेवरून म्हणाले, "त्ये कटर ज्याचं त्येला दिऊन टाक."

घरी सोडायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्यापाशी वही घेऊन बसले. बॉयलरखात्यात बरोबर कोण कोण होतं? त्यांनी डोळे मिटून सात नावं सांगितली, गावासकट. खानापूर तालुक्यातले तिघे, चंदगडकडचे तिघे, एक कोकणातला. "चंदगडचा थोरला छातीनंच गेला. त्येला बी टीबी म्हणालते." सातांतले चार आता नाहीत. एकाचा नंबर मुलाच्या फोनमध्ये निघाला.

मी तिथूनच लावला. पलीकडं खोकत कुणीतरी "कोण?" म्हणालं. ओळख सांगितली, धाप लागते का विचारलं.

"वय झालं की वो बाई आता."

"मंगळवारी या," मी म्हटलं. "आणि छातीचे जुने फोटो असतील तेवढे सगळे घेऊन या."