बाईंचा पायऱ्यांवरचा तास

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असे पत्र आले आणि शाळेच्या इमारतीआधी आठवल्या त्या पणजीच्या आल्तिनो टेकडीवरून मळा या वस्तीत उतरणाऱ्या पायऱ्या. वर राहणारी आम्ही मुले त्याच वाटेने यायचो. जूनमध्ये चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर, शेवाळ धरले की चपला हातात घ्यायच्या आणि कडेची भिंत धरून उतरायचे. जत्रेच्या दिवसांत मारुतीच्या देवळाकडे रेंगाळलो की प्रार्थना हमखास चुकायची. हे तुम्हा सगळ्यांना ठाऊकच आहे. मला लिहायचे आहे ते भूगोलाच्या बाईंबद्दल.

आम्ही सातवीत होतो. पावसाने उघडीप दिली तशा बाई वर्गाला घेऊन पायऱ्यांवर आल्या. हातात पाण्याचा तांब्या. कडेच्या उघड्या दरडीवर त्यांनी तो सावकाश ओतला. पाणी चिऱ्याच्या भोकांत शिरले आणि दिसेनासे झाले. "बघ गो बाय, डोंगर पाणी पितो," त्या मला म्हणाल्या. मग तिथेच उभ्याने त्यांनी सांगितले, की चिरा खाणीत मऊ असतो, म्हणून तो कापता येतो. वारा-ऊन लागले की टणक होतो. लाल रंग लोखंडाचा. पाऊस या दगडातून खाली मुरतो, तळाच्या चिकणमातीवर अडतो आणि वाट काढत पायथ्याशी झर, म्हणजे झरा, होऊन येतो. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आम्हाला थेट मळ्यातल्या फोंत फेनिक्सच्या झरीवर नेले आणि प्रत्येकाला पाण्यात हात घालायला लावला. पुढचा तास गणिताचा होता, तो बुडाला. गणिताच्या शिक्षकांची समजूतही बाईंनीच घातली.

आज मी भूजलाचे काम करते. आटलेल्या झरी पुन्हा वाहत्या कराव्यात म्हणून गावोगाव हिंडते. कुठल्याही गावी गेले की आधी वरचा सडा, म्हणजे माथ्यावरचे कातळाचे पठार, बघते, मग खालची झर. ही नजर बाईंनी दिली. पुढे मोठमोठ्या प्राध्यापकांकडे शिकले, पण इतके स्वच्छ कुणी समजावले नाही.

परवा मुद्दाम त्या वाटेने उतरले. काही पायऱ्यांवर सिमेंट चढले आहे. दप्तर घेतलेले एकही मूल भेटले नाही. मुले आता स्कूटरवरून फाटकाशी उतरतात. फार वाईट वाटले.

महोत्सव समितीला विनंती आहे: भाषणांतला एक तास कमी करा आणि सातवीच्या मुलांना त्या पायऱ्यांवर पाठवा. बाईंचा तो धडा घ्यायला मी येईन. तारीख तेवढी पावसाळ्यातली ठेवा.