इंटरलीग तक्त्याची प्रगती: अमेरिकन लीगची चौदा वर्षे आणि डीएचचा प्रश्न

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या इंटरलीग सामन्यांचा, म्हणजे तिच्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या संघांमधील सामन्यांचा, माझा तक्ता आता १९९७ च्या पहिल्या हंगामापासून २०१९ पर्यंत पूर्ण झाला आहे. २००४ ते २०१७ या सलग चौदा हंगामांत अमेरिकन लीगने नॅशनल लीगपेक्षा अधिक सामने का जिंकले, या आपल्या जुन्या प्रश्नावर त्यातून काही ठोस सांगता येईल असे मला वाटते. २०२० मध्ये हंगाम आखूड झाला आणि डेझिग्नेटेड हिटरचा (डीएच, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) तोवर केवळ अमेरिकन लीगच्या मैदानांवर चालणारा नियम दोन्ही लीगना लागू झाला, तर २०२२ पासून तो कायमचाच झाला. त्यामुळे नियमांतील फरक तपासण्यासाठी २०१९ हीच सीमा मी मानली आहे.

कामाची पद्धत सोपी आहे आणि ज्यांना ती स्वतः करून पाहायची आहे त्यांनी अवश्य पाहावी. रेट्रोशीट या बेसबॉल नोंदींच्या संकेतस्थळावरील मोफत गेम लॉग फायलींत प्रत्येक सामन्याची एक ओळ असते. पाचव्या रकान्यात पाहुण्या संघाची लीग आणि आठव्या रकान्यात यजमान संघाची लीग नोंदलेली असते. हे दोन रकाने जेथे जुळत नाहीत, त्या ओळी वेगळ्या काढल्या की इंटरलीग सामने हाती येतात. दहाव्या आणि अकराव्या रकान्यांत दोन्ही संघांच्या धावा असतात. वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेचे, सामने स्वतंत्र फायलीत असल्यामुळे ते यात मिसळत नाहीत. लीगअंतर्गत सामन्यांत एक संघ जिंकला की त्याच लीगमधला दुसरा हरतो, म्हणून त्यांची बेरीज नेहमी निम्म्यावरच येते. लीगची ताकद मोजायची तर ती याच ओळींतून मोजावी लागते.

पहिल्या सात वर्षांत १९९७, १९९९, २००२ आणि २००३ ही चार नॅशनल लीगची आणि उरलेली तीन अमेरिकन लीगची. त्यानंतर चौदा वर्षे अमेरिकन लीग. आणि २०१८ मध्ये १५८-१४२ तसेच २०१९ मध्ये १६६-१३४ असे पुन्हा नॅशनल लीगचे पारडे जड. या चौदा वर्षांचे वजन मात्र सारखे नाही. २००४ चा निकाल १२७-१२५ आहे, म्हणजे एक सामना उलटा लागला असता तर बरोबरी झाली असती. याउलट २००६ चा निकाल १५४-९८ आहे. दोन्ही लीग तुल्यबळ असत्या तर २५२ सामन्यांत १२६ विजय अपेक्षित असतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे निव्वळ नशिबाने होणारा नेहमीचा चढउतार, सुमारे ८ येते. १५४ हा आकडा त्या अपेक्षेपासून साडेतीन विचलने दूर आहे. हे नशिबाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

आता डीएचविषयी. नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण असे की, अमेरिकन लीगचे संघ १९७३ पासून डीएच बाळगून आहेत, त्यामुळे त्यांच्या मैदानावर नॅशनल लीगच्या संघाला राखीव खेळाडूंतून कोणालातरी त्या जागी उभे करावे लागत असे. हे खरे आहे, परंतु नॅशनल लीगच्या मैदानावर नेमकी उलटी अडचण होत असे, हे आपण विसरतो: तेथे डीएच नसल्याने अमेरिकन लीगच्या पिचरला स्वतः बॅटिंग करावी लागे. १५ जून २००८ रोजी ह्यूस्टनमध्ये, तेव्हा नॅशनल लीगमध्ये असलेल्या ॲस्ट्रोसविरुद्ध, अमेरिकन लीगच्या यांकीजचा पिचर चिएन-मिंग वांग बेसवरून धावत होम प्लेटकडे येत असताना त्याच्या उजव्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. २००६ आणि २००७ या दोन्ही हंगामांत प्रत्येकी १९ सामने जिंकून देणारा हा पिचर आपल्या लीगमध्ये कधी बॅट हातात घेत नव्हता की बेसवर धावत नव्हता. सामना यांकीजने १३-० असा जिंकला, पण त्याची किंमत फार मोठी होती. आणि तरीही त्या वर्षी अमेरिकन लीगने १४९-१०३ अशी बाजी मारली.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, २०१९ पर्यंतच्या या सगळ्या काळात नियम तोच होता. नॅशनल लीग वरचढ असताना तो होता, मागे पडली तेव्हाही होता आणि पुन्हा वर आली तेव्हाही होता. जे कारण बदललेच नाही, त्याने निकालातील बदल समजावता येत नाही.

म्हणून २००६ चा हंगाम मी संघवार उलगडला, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचे वाटलेले चित्र तेथे दिसले. बॉस्टन १६-२, मिनेसोटा १६-२, डेट्रॉइट १५-३ आणि शिकागो व्हाइट सॉक्स १४-४. चौघांची बेरीज ६१-११. उरलेल्या दहा संघांची बेरीज केवळ ९३-८७. म्हणजे ज्याला आपण लीगचे वर्चस्व म्हणतो, ते त्या वर्षी मुख्यतः चार संघांचे वर्चस्व होते. निकाल लागल्यावर सर्वांत यशस्वी संघ निवडून काढले की चित्र थोडे भडक होते, हे मान्य. शिवाय प्रत्येक लीगचे तीन विभाग असतात; चारपैकी तीन संघ अमेरिकन लीगच्या सेंट्रल विभागातले होते आणि त्यांच्या वाट्याला नॅशनल लीगचा सेंट्रल विभाग आला होता, जो सेंट लुईसने अवघ्या ८३ विजयांवर जिंकला. जूनमध्ये व्हाइट सॉक्स आणि डेट्रॉइट या दोघांनीही सेंट लुईसला तीनही सामन्यांत हरवले होते. ऑक्टोबरमध्ये त्याच सेंट लुईसने डेट्रॉइटला ४-१ असे नमवून वर्ल्ड सिरीज जिंकली. वर्ल्ड सिरीजवरून लीगची ताकद ठरवू नये, असे मी वारंवार म्हणतो ते यासाठीच.

२०१८ मध्ये हेच चित्र खालच्या टोकाला दिसते. त्या वर्षी बॉस्टन, ह्यूस्टन आणि यांकीज या तिघांनीही शंभर किंवा अधिक सामने जिंकले, तरी अमेरिकन लीग मागे पडली. कारण बाल्टिमोर ११५, कॅन्सस सिटी १०४ आणि व्हाइट सॉक्स १०० सामने हरले, तर नॅशनल लीगमध्ये एकही संघ शंभर पराभवांपर्यंत गेला नाही. सरासरी खाली ओढायला तीन संघ पुरेसे ठरतात.

डीएचचा परिणाम अप्रत्यक्षपणे मात्र असावा, असे माझे मत आहे. वय वाढलेल्या हिटरला पुढे डीएच म्हणून खेळवता येत असे, त्यामुळे अमेरिकन लीगचा संघ दीर्घ कराराची जोखीम अधिक सहज पत्करत असे. जिम थोमी फिलाडेल्फियाहून व्हाइट सॉक्सकडे आला आणि २००६ मध्ये त्याने ४२ होमरन मारले. पुढे २०११-१२ च्या हिवाळ्यात अल्बर्ट पुहोल्स दहा वर्षांसाठी एंजल्सकडे आणि प्रिन्स फील्डर नऊ वर्षांसाठी डेट्रॉइटकडे गेला. २००४ पूर्वीच्या हिवाळ्यात कर्ट शिलिंग, व्लादिमीर गुरेरो आणि गॅरी शेफील्ड हेही नॅशनल लीग सोडून आले होते. उलट दिशेने कार्लोस बेल्ट्रान, कार्लोस डेल्गाडो आणि पेड्रो मार्टिनेझ गेले, म्हणून निवडक नावांवर विसंबून चालणार नाही.

पुढचे काम त्यामुळे ठरले आहे. २००३ ते २०१७ या काळात लीग बदलणाऱ्या प्रत्येक नियमित खेळाडूची दोन्ही दिशांची यादी मी करत आहे. बदलापूर्वीच्या आणि नंतरच्या तीन हंगामांतील त्यांची कामगिरी वयाचा हिशेब धरून मांडणार आहे. हिटरांची यादी आधी पूर्ण करीन. पिचरांसाठी दोन्ही लीगमधील धावांची सरासरी समपातळीवर कशी आणावी, यावर ज्यांनी काम केले आहे त्यांनी आपली पद्धत मला जरूर कळवावी.