दार ओढायचं की ढकलायचं?

‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ या भीतीच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: यात हत्यारच नाही, म्हणून भीती वाटते. मला हे कधी पटलं नाही. हत्यार नसलेले गेम ढिगाने आहेत, त्यातले निम्मे तर शेती करायचे. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने २०१० साली काढलेला हा गेम रात्री लावायला मी अजून धजत नाही, कारण यात जीव वाचवायचे उपाय भरपूर आहेत आणि एकही फुकट नाही.

साल १८३९, प्रशियातला ब्रेननबर्गचा किल्ला. डॅनियल, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, शुद्धीवर येतो तेव्हा त्याला जवळपास काहीच आठवत नसतं. मग स्वतःच्याच हातची चिठ्ठी सापडते: आठवणी मीच औषध पिऊन पुसल्या आहेत, आत जा आणि अलेक्झांडरला मार. कथेबद्दल एवढंच सांगतो, पुढचं ज्याचं त्याने बघावं.

अंधारात थांबलं की डॅनियलचं डोकं फिरायला लागतं. समोरचं सगळं डोलतं, कानात भलतेसलते आवाज येतात. उजेडात आलं की जरा बरं वाटतं, पण उजेडात किल्ल्यात फिरणाऱ्या राक्षसालाही आपण लगेच दिसतो. लपायचं तर अंधारातच, आणि अंधार फार वेळ झेपत नाही. कंदिलाचं तेल मोजकंच, मेणबत्त्या आणि मशाली पेटवायचे टिंडरबॉक्सही मोजकेच. (मी ते इतक्या कंजुषीने वापरतो की शेवटी ढीगभर उरतात आणि मी सगळा किल्ला काळोखात चाचपडत काढलेला असतो. स्वभावाला औषध नाही.)

त्यात राक्षसाकडे नुसतं पाहिलं तरी डोकं आणखी फिरतं. मग कोपरा गाठून, खाली बसून, भिंतीकडे तोंड करायचं. मी असा बसलेलो असताना शेजारी बसलेली ताई वैतागली, “अरे वळ ना जरा, दिसू दे तरी कसा आहे तो!” मी वळलो नाही. स्क्रीनभर फक्त दगडी भिंत, मागे घसटत चाललेली पावलं, आणि माउस घामाने बुळबुळीत. थोड्या वेळाने ताईही गप्प झाली.

पण खरी करामत दारांची आहे. इतर गेममध्ये एक बटण दाबलं की दार उघडतं, विषय संपला. इथे माउसचं बटण दाबून धरायचं आणि हात खरोखर ओढायचा किंवा लोटायचा. हळूच ओढलं तर बोटभर फट पडते, तिच्यातून पलीकडे डोकावता येतं. निवांत असताना हे फार आवडतं. मागून गुरगुर ऐकू आली की मात्र दार आपल्याकडे उघडतं की पलीकडे, हेच सुचत नाही. ढकलायचं ते ओढतो, ओढायचं ते ढकलतो. आत शिरलो तरी ते पुन्हा लावायचं बाकी असतं, शिवाय लाकडी दार तो फोडतोच. समोर टेबल, खोकं, जे हाताला लागेल ते सरकवायचं, तेवढीच काय ती सवड.

तळघरातला पाणी भरलेला दफ्तरखाना तर कुप्रसिद्धच आहे. तिथला प्राणी दिसतच नाही. पाण्यावर शिंतोडे उडतात आणि ते आपल्या दिशेने येत असतात. खोक्यांवरून उड्या मारत जायचं. पडलेले मांसाचे तुकडे लांब फेकले की तो खायला तिकडे जातो, तेवढ्यात पाण्यात उतरून पळायचं.

२०१३ साली याचा पुढचा भाग ‘अ मशीन फॉर पिग्स’ आला, तो द चायनीज रूम या दुसऱ्या कंपनीने बनवला. लिखाण पहिल्या भागापेक्षा सरस, हे मी भांडून सांगेन. पण तेल काढून टाकलं, डोकं फिरणंही काढून टाकलं. हत्यार तिथेही नाही, आणि तरी मी दिवा लावून बागेत फिरावं तसा फिरलो.

उलट याच मालिकेतल्या २०२३ च्या ‘द बंकर’मध्ये चक्क रिव्हॉल्व्हर मिळतं. पहिल्या महायुद्धातला फ्रेंच सैनिक, बंद बंकर, आणि एकच प्राणी. गोळीने तो मरत नाही, थोडा वेळ पळतो. गोळ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. टॉर्च दोरी ओढून ओढून चालवायची, तिचा खर्रखर्र आवाज त्याला ऐकू जातो. दिवे जनरेटरवर, जनरेटर इंधनावर. नकाशा एका खोलीच्या भिंतीवर टांगलेला, तो काही सोबत नेता येत नाही. म्हणून निघण्याआधी मी वळणं कागदावर लिहून घेतो: डावीकडे, डावीकडे, मग उजवीकडचं दार. ते दार ओढायचं की ढकलायचं, तेही हल्ली लिहितो.