खोबऱ्याच्या पोत्यातला निळा किडा

श्रावणात खोबऱ्याचं पोतं सोडलं आणि वाट्यांमधून मोरचुदाच्या रंगाचा एक किडा पळाला. जेमतेम पाच मिलिमीटरचा, पण चकचकीत.

"तेका कित्याक बघीत बसलंस? खोबरां उन्हात घाल आदी," आई म्हणाली. ऊन कुठे होतं?

किडा एक क्षण थांबेना. शेवटी औषधाच्या बाटलीत घालून पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला, तेव्हा सुस्तावला. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून दहा-बारा फोटो काढले आणि आयनॅचरलिस्ट या फोटोवरून जीव ओळखायच्या संकेतस्थळावर टाकले. तिथल्या यंत्राने सुचवलं, पानं खाणारा भुंगेरा. पोत्यात पान कुठलं? दोन दिवसांनी तिथल्या एका जाणकाराने एवढंच विचारलं, "पाय कुठल्या रंगाचे?" माझे सगळे फोटो पाठीचे. त्या निळाईलाच भुललो होतो.

मग दुसरा पकडून उताणा केला. पाय लालसर. मिशाही मुळाशी लालसर, टोकाला मात्र काळी गाठ. अंगभर उभे केस. तिथे उलगडा झाला: नेक्रोबिया रुफिपेस, चेकर्ड भुंगेऱ्यांच्या क्लेरिडी कुळातला. पाय गडद असते तर त्याचाच भाऊबंद नेक्रोबिया व्हायोलेसिया. मान आणि पंखांचं मूळ तांबडं असतं तर तिसरा भाऊबंद, रुफिकोलिस. या रुफिकोलिसनेच फ्रेंच राज्यक्रांतीत बोर्दोच्या तुरुंगातल्या लात्रेय या कीटकतज्ज्ञाचा जीव वाचवला. कोठडीत सापडलेला किडा त्याने डॉक्टरांमार्फत बाहेरच्या एका अभ्यासकाकडे पोचवला, त्यातून लात्रेयची ओळख पटली आणि सुटका झाली. मला किड्याने नुसतं कामाला लावलं.

कारण या कुळातले बरेचसे भुंगेरे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची शिकार करतात, हा मात्र खोबरंही खातो आणि त्यातल्या दुसऱ्या अळ्याही. अळ्या एकमेकींनाही सोडत नाहीत. म्हटलं, आपसात संपतील. पण खालच्या वाट्या मोडून पाहिल्या तर आत बुरशी आणि भुगा. खोबऱ्यातली ओल सहा टक्क्यांवर आणावी लागते. आमचं पावसाआधी घाईत भरलेलं. बुरशीचं टाकून दिलं, उरलेलं चुलीवरच्या माळ्यावर पसरलं.

आईला नाव सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग सुक्या बांगड्यांवरही तो येतो असं म्हटल्यावर मात्र उठली आणि फळीवरचा डबा काढला. झाकण उघडताच दोन निळे ठिपके काठावरून खाली उतरले.