ऑनलाइन घेतलंय म्हणे

व्हॅनमध्ये चढताना शेजारच्या पोराने माझ्या लेकाच्या, मी घरी शिवलेल्या जॅकेटचं हुड ओढून विचारलं, कुठून आणलं रे? "ऑनलाइन घेतलंय." बस, एवढंच. मी तिथेच दप्तर धरून उभी. माझ्याकडे बघितलंही नाही.

सकाळपासून तेच डोक्यात. लाज वाटली असेल का? की सांगत बसायचा कंटाळा?

फ्लीसचं मऊ, उबदार कापड शिवणं म्हणजे काही परकर शिवणं नव्हे. साध्या सुईने टाके सुटतात. गोल टोकाची बॉलपॉइंट सुई लागते, ती धागे न तोडता बाजूला सारून आत शिरते. सरळ टीप ताणली की तुटते, म्हणून सगळीकडे बारीक झिगझॅग. इस्त्री लांबच ठेवायची, पॉलिएस्टरच ते, वितळायचं. हुडला मधे पट्टी घालून तीन तुकड्यांत बेतलं, म्हणजे डोक्याच्या मधोमध शिवण येत नाही. मुळात हा घाट घातला तोच मानेसाठी. विकतच्या प्रत्येक कपड्याचं लेबल त्याला टोचतं, कापून टाकलं तरी उरलेली कड टोचते. म्हणून मानेच्या शिवणीवर आतून नानीच्या जुन्या सुती साडीची पट्टी लावली. नाडी मुद्दाम घातली नाही. त्यावरून घरात जे झालं ते... जाऊ दे. युरोपातल्या नियमांत सात वर्षांखालच्या मुलांच्या हुडला नाडी चालतच नाही. घसरगुंडीत, गाडीच्या दारात अडकते आणि गळ्याला फास बसतो. हे मी सांगून झालं. "वारा शिरेल" हे ऐकूनही झालं.

आणि एवढं करून ऑनलाइन!

कुंची शिवली तेव्हा बरं होतं. खणाची होती, बारशाला आलेल्या प्रत्येकीने उलटून टाके पाहिले. त्याचं स्वतःचं काहीच म्हणणं नव्हतं.

पण आवाजात लाज नव्हती हं. मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. परवा ताई म्हणाली, "अगं, अगदी विकतचं वाटतंय!" तेव्हा मी केवढी फुगले होते, आईला फोन करून सांगितलं. मग त्याने तरी वेगळं काय सांगितलं? आणि खरं बघायला गेलं तर कापड ऑनलाइनच आलं होतं. चेन तेवढी रविवार पेठेतली. ती कुणाला सांगायची राहिली, एवढंच.

संध्याकाळी आल्या आल्या तक्रार. खिसा लहान आहे, त्यात बॉल मावत नाही.

"ऑनलाइनवाल्यांना कळव," मी म्हटलं.

जरा विचार करून म्हणाला, "ते तूच करतेस ना पण."

खिसा उसवायला घेतलाय. बॉल माप घ्यायला ठेवून गेलाय, चिखलासकट.