दार उघडेल त्याला धरायचं नाही

घरोघरी जाऊन मार्केट सर्व्हे करायला नवीन पोरं फील्डवर आली की त्यांना वाटतं, प्रश्न विचारणं हेच अवघड काम. प्रश्न काय, टॅबवर लिहूनच येतात. खरी कसरत घरातलं कोण बोलणार हे ठरवण्यात आणि मग त्याच माणसाला गाठण्यात असते.

मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, भर दुपारी नागपूरच्या नंदनवनात एखाद्या घराची बेल वाजवून बघा. दार आजी उघडतील, सून उघडेल, नाहीतर सुट्टीतलं कॉलेजचं पोर. कमावता माणूस बुटीबोरीला किंवा हिंगण्याला ड्यूटीवर. दारात येईल त्यालाच धरत गेलो, तर दुपारी घरी असणाऱ्यांचंच मत क्लायंटकडे जाणार, तेही अख्ख्या नागपूरचं म्हणून.

यावर लेस्ली किश नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये तोडगा काढला. घरातल्या प्रौढांची ठरलेल्या क्रमाने यादी करायची आणि तक्ता दाखवेल त्यालाच विचारायचं. निवड मुलाखत घेणाऱ्याच्या हातात नाही, घरच्यांच्याही नाही. आम्ही त्याला किश ग्रिड म्हणतो. आता टॅबच माणूस निवडून देतो.

पण टॅबला सासू ठाऊक नसते. नाव निघालं सुनेचं की आतून आवाज येतोच, "तिले काय समजते बाई? मले इचारा ना!" अशा वेळी वाद घालायचा नाही. घराच्या वर्गवारीचे, म्हणजे घर कोणत्या आर्थिक-सामाजिक गटात बसतं याचे, प्रश्न आधी सासूबाईंना विचारायचे, ते घरातलं कोणीही जाणतं माणूस सांगू शकतं. २०११ पासूनच्या एनसीसीएस या वर्गवारीच्या पद्धतीत मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि घरातल्या ११ गोष्टी बघतात. पंखा, फ्रिज, एसी, अगदी शेतजमीनसुद्धा. कूलर मात्र नाही! वाळा बदलून, मोटर दुरुस्त करून अर्धं नागपूर ज्याच्या जिवावर उन्हाळा काढतं, तो कूलर. सासूबाई म्हणतात, "कूलर लिहा ना, दोन आहेत." मी मान डोलावते. टॅबवर जागाच नाही, तर लिहिणार कुठे?

एवढ्यात त्यांचा मान राखला जातो. मग शोकार्ड, म्हणजे उत्तरांचे पर्याय नंबर घालून छापलेलं कार्ड, सुनेच्या हातात द्यायचं आणि फक्त नंबर सांगायला लावायचं. "कोणता शाम्पू वापरता?" "चार." चार म्हणजे कोणता, हे शेजारच्या खुर्चीवर कळत नाही, आणि सून मोकळेपणाने बोलू लागते. ही युक्ती कुठल्या मॅन्युअलमध्ये मी वाचलेली नाही, पण माझ्या टीमला पहिल्याच दिवशी शिकवते.

नाव कमावत्या माणसाचं निघालं तर संध्याकाळी सातनंतर परत जायचं. इथे घोडं अडतं. पोरांना पैसे पूर्ण झालेल्या फॉर्मवर मिळतात, फेरीवर नाही. वडिलांच्या नावाखाली घरात बसलेल्या मुलाची उत्तरं भरली जातात ती यातूनच. बॅकचेकला, म्हणजे मुलाखत खरंच झाली का हे तपासायला, फोन केला की वडील म्हणतात, "माझ्याकडे तर कोणीच आलं नव्हतं." फॉर्म बाद होतो, पोराचे पैसे कापले जातात आणि पुढच्या आठवड्यात दुसरा कोणीतरी तेच करतो. त्यांना नीतिमत्तेवर भाषण देण्यात मला रस नाही. परतफेरीचा वेगळा दर कोटेशनमध्येच लावावा, पेट्रोलसकट. क्लायंट कुरकुरला तर सॅम्पल थोडं कमी करून द्यावं, पण हा दर सोडू नये.